हिमायतनगर नऊ

ग्यानोबा सोनकांबळे बांधकाम खात्यात मैलकुली होते. जळकोटच्या पुढचा चौदा किलोमीटरचा रस्ता एकतीस वर्षं त्यांच्याकडे होता. खड्डे बुजवायचे, साईडपट्टीवर मुरूम पसरायचा, पावसाळ्याआधी मोऱ्या मोकळ्या करायच्या, झाडांच्या बुंध्यांना चुना आणि गेरू लावायचा, किलोमीटरच्या दगडांवरची अक्षरं पुसट झाली की रंगाचा डबा घेऊन ती पुन्हा काढायची. मुकादम एकदा म्हणाला होता, साहेब गाडीतून जाणार, झाडाची रस्त्याकडची बाजू रंगवली तरी भागतं. ग्यानोबांनी मान हलवली आणि झाडाला वळसा घालून मागची बाजूही रंगवली. त्यात त्यांना काही विशेष वाटलं नव्हतं. झाड गोल असतं, एवढंच.

निवृत्त होऊन दीड वर्ष झालं तरी सकाळी सहाला फावडं खांद्यावर टाकून निघायची सवय मोडेना. मग एके दिवशी नव्या ठेकेदाराच्या माणसानं त्यांना रस्त्यातच गाठलं आणि फार अदबीनं सांगितलं, की काका, हे काम आता आमच्याकडे आलंय, तुम्हाला काही लागलं-खरचटलं तर आमच्यावर येईल. ग्यानोबांनी फावडं घरी आणून गोठ्याच्या भिंतीला टेकवलं. दुसऱ्या दिवसापासून ते नुसतेच चालून यायला लागले. चौदा किलोमीटर जायचे, तेवढेच परत यायचे, आणि दुपारी ओट्यावर बसून राहायचे. त्यांची बायको सरजाबाई त्यांच्या या बसण्यानं बेजार झाली होती. माणूस कामावर होता तेव्हा बरा होता, असं ती शेजारणीला म्हणायची.

त्यांची मुलगी लुंबिनी भोकरला सरकारी दवाखान्यात नर्स आहे. बापाचं नाव तिनंच नोंदवलं. लातूरची काही मंडळी दर जानेवारीत एक पायी मोहीम काढत. जळकोट ते माहूर, सुमारे अडीचशे किलोमीटर, नऊ दिवसांत. आठव्या दिवशी माहूरला पोचायचं आणि नवव्या दिवशी तिथली तिन्ही शिखरं, रेणुकेचं, दत्ताचं आणि अनसूयेचं, सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत चढून उतरायची. सामान टेम्पोतून येई, पण माणसानं सगळी वाट स्वतःच्या पायानं चालायची. रोजच्या मुक्कामाला कार्डावर शिक्का मिळे. नऊ दिवसांत नऊ शिक्के झाले तरच मोहीम पुरी झाली असं धरत.

लुंबिनीनं फोनवर हे सगळं सांगितलं तेव्हा ग्यानोबांनी एकच विचारलं, "जळकोटातूनच निघायचं हाय का?"

ती हो म्हणाली. मग ते तयार झाले.

निघाले तेव्हा अठरा जण होते. लातूरचे, उदगीरचे, दोघं चाकूरचे. कुणी प्राध्यापक, कुणी डॉक्टर, कुणी बँकेतले. मोहिमेचा जिम्मा आलोक नावाच्या तिशीतल्या इंजिनियरवर होता. सगळ्यांच्या हातात घडीच्या काठ्या, पाठीवर नळी लावलेल्या पाण्याच्या पिशव्या. ग्यानोबांकडे खांद्यावरचा टॉवेल आणि प्लॅस्टिकची बाटली. पहिल्या दिवशी ते सगळ्यांच्या मागं होते, कारण आपल्या चौदा किलोमीटरांत दोन ठिकाणी थांबून त्यांनी मोरीत डोकावून पाहिलं. तिसऱ्या दिवशी मात्र पुढचे दमून मागं यायला लागले आणि ग्यानोबा होते त्याच चालीनं पुढं जात राहिले.

त्यांची गट्टी जमली ती सौदामिनीबाईंशी. बाई लातूरच्या एका शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवून नुकत्याच मोकळ्या झाल्या होत्या. उंच, सडसडीत, गुडघ्याला पट्टा बांधलेल्या. फळ्यावर बालाघाटचे डोंगर खडूनं किती वेळा काढले याची मोजदाद नाही, पण त्यांच्यावर कधी चालले नव्हते, म्हणून आले, असं त्या म्हणाल्या. ग्यानोबा त्यांना रस्ता वाचून दाखवायचे. इथं डांबराखाली काळी माती आहे म्हणून रस्ता लाटेसारखा झालाय. पुढं झाडं दाट झाली म्हणजे नाला आला. या दगडावरची अक्षरं हातानं काढलेली, त्या दगडावरची साच्यानं. बाई त्यांना सोनकांबळेभाऊ म्हणत आणि मध्येच थांबून वहीत काहीतरी लिहून घेत. आजूबाजूला करडई पिवळी झाली होती, तुरीच्या काढण्या चालल्या होत्या. वाटेत रस्त्याच्या कामावरचे मजूर दिसले की ग्यानोबा थांबून दोन शब्द बोलायचेच. त्यामुळं अठरा जणांत बहुतेकदा ते दोघंच मागं असत आणि त्याचं दोघांनाही काही वाटत नसे.

भोकरच्या मुक्कामी सरजाबाई लेकीकडे येऊन राहिली होती. नवरा जेवायला आला तेव्हा तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. तो वाळला होता, पण ताटावर बसून बोलत होता. नांदेडच्या अलीकडं मुरूम किती लाल आहे, सौदामिनीबाईंना कसं सगळं ठाऊक आहे, आलोक पोरगा कसा रोज शेवटच्या माणसाची वाट पाहत थांबतो. दीड वर्षात तो एका बैठकीला एवढं बोलला नव्हता. सरजाबाईनं आणखी एक भाकर वाढली.

दुसऱ्या दिवशी भोकर सोडून हिमायतनगरच्या वाटेला लागल्यावर ग्यानोबांचं अंग कसकसायला लागलं. सकाळचं ऊन असून थंडी वाजत होती. ते कुणाला काही बोलले नाहीत. दुपारी एकच्या सुमाराला त्यांचे पाय लटपटले आणि ते एका दगडाला टेकून खाली बसले. सौदामिनीबाई मागंच होत्या. त्यांनी कपाळाला हात लावला, मीठसाखरेचं पाणी करून पाजलं आणि आलोकला फोन केला. नंतरचं ग्यानोबांना तुटक तुटक आठवत होतं. टेम्पोचा आवाज, कुणीतरी बगलेत हात घालून उचललं ते, आणि मान वळवून त्यांनी त्या दगडाकडे पाहिलं ते. पिवळ्या माथ्याचा दगड, पांढऱ्यावर काळी अक्षरं. हिमायतनगर ९.

हिमायतनगरच्या एका मंगल कार्यालयात त्यांना झोपवलं. चमूतल्या डॉक्टरांनी तपासून गोळ्या दिल्या. साधा ताप होता, सकाळपर्यंत उतरलाही. ग्यानोबा उठले, तोंड धुतलं, आणि उशाशी ठेवलेलं कार्ड हातात घेतलं. त्यावर हिमायतनगरचा शिक्का होता. आलोकनं रात्रीच मारून ठेवला होता.

बराच वेळ ते कार्ड पाहत बसले. मग उठून आलोककडे गेले. तो अंगणात चहा घेत उभा होता.

"साहेब, त्यो कालचा शिक्का खोडा."

"का काका?"

"नऊ किलोमीटर मी गाडीत बसून आलो."

आलोकनं त्यांना खुर्ची दिली. आजारी माणसाला गाडीत घालणं हे त्याचंच काम होतं, त्यात ग्यानोबांचा काही दोष नाही, असं त्यानं सांगितलं. बाकीच्या सगळ्यांना त्यानं विचारलंही होतं आणि कुणाचीच हरकत नव्हती. अडीचशेतले नऊ, त्याचं काय एवढं.

"कुणाच्या हरकतीचा सवाल न्हाई," ग्यानोबा म्हणाले. "ते नऊ मी चाललो न्हाई, एवढंच हाय. आता ताप उतरलाय. मागं जाऊन ते चालून घेतो."

आलोकनं मग त्यांना सरळ हिशेब समजावून सांगितला. मागं जाऊन चालत आलात तर आजचा इस्लापूरचा मुक्काम चुकेल. मोहीम थांबू शकत नाही, पुढच्या गावांत सोय सांगून ठेवलीय. तुम्ही एक दिवस मागं पडाल, म्हणजे नऊ दिवसांत पुरं होणार नाही आणि नाव यादीत येणार नाही. हेच कार्ड ठेवलंत तर येईल.

ग्यानोबांनी हे कार्ड पाहतानाच डोक्यात मांडून पाहिलं होतं. "हाव, ठाऊक हाय," ते म्हणाले, आणि कार्ड पुढं केलं.

 आलोकनं खिशातलं पेन काढून शिक्क्यावर आडवी रेघ मारली, खाली सही केली, आणि कागदावर पुढच्या मुक्कामांची नावं आणि ओळखीच्या माणसांचे फोन नंबर लिहून दिले. सौदामिनीबाईंनी त्यांच्याजवळ मीठसाखरेच्या चार पुड्या दिल्या. माहूरला भेटू, असं त्या म्हणाल्या. आठच्या आत मंडळी निघून गेली.

ते मागं जायची एसटी शोधायला स्टँडवर आले, तर भोकरच्या गाडीतून सरजाबाई उतरत होती. आलोकचा फोन आल्यावर लुंबिनीनं कालच तिला सगळं सांगितलं होतं. नवऱ्याला घरी घेऊन जायचं, या तयारीनंच ती पहिल्या गाडीनं आली होती. पिशवीत भाकरी, तिळाची चटणी आणि त्याचा स्वेटर.

ग्यानोबांनी तिला बाकावर बसवून काय झालं ते सांगितलं.  तिनं पिशवीतला स्वेटर काढून त्याच्या अंगावर टाकला, त्याच्या मनगटाला हात लावून ताप नाही याची खात्री केली. मग म्हणाली, "कुठं हाय त्यो दगड?"

"तू आत्ता त्याच्यावरूनच आलीस."

"मग चला. एकट्यानं जाऊ नका."

कंडक्टर म्हणाला तिथं थांबा नाही. ग्यानोबांनी त्याला दगडाच्या अलीकडची मोरी आणि मोरीवरचं वाकडं बाभळीचं झाड सांगितलं, तेव्हा पुढून ड्रायव्हरच म्हणाला की त्याला ती जागा माहीत आहे. दोघं तिथं उतरले. गाडी निघून गेल्यावर रस्ता एकदम शांत झाला. ग्यानोबांनी दगडाच्या माथ्यावर हात ठेवला, काढला, आणि ते चालायला लागले. सरजाबाईच्या हातातली पिशवी त्यांनी आपल्याकडे घेतली.

पहिला किलोमीटर ती त्यांच्या मागं चालत होती. दुसऱ्यात बरोबरीनं आली. तिसऱ्यात पुढं गेली. तिचं लग्नाआधीचं आणि नंतरचंही आयुष्य रस्त्याच्या कामावर गेलं होतं. खडीची पाटी डोक्यावर घेऊन ती टेकाड चढायची आणि तरुणपणी तिच्या चालीला बायांत जोड नव्हती. ग्यानोबांनी तिला पहिल्यांदा पाहिली तीही तशीच, पाटी घेऊन चढताना. आता ती मोकळ्या हातांनी, पदर खोचून, रबरी चपलांत चालली होती आणि मधूनच मान इकडून तिकडं वळवून पाहत होती.

"काय झालं?" ग्यानोबांनी विचारलं. "मान धरली का?"

"न्हाई. हलकं लागायलंय." ती थोडं चालली आणि म्हणाली, "डोक्यावर काई नसताना एवढं चालल्याचं मला आठवत न्हाई."

हिमायतनगरला ते साडेअकराला पोचले. ग्यानोबांचा ताप गेला तो गेलाच होता. भूक मात्र सणकून लागली होती. स्टँडजवळच्या चिंचेखाली बसून दोघांनी भाकरी खाल्ली. समोर भोकरची गाडी लागली होती. सरजाबाईनं तिच्याकडे पाहिलं. लोक चढले, कंडक्टर चढला, गाडी फुरफुरत निघून गेली. ती उठली नाही. चटणीचं बोट चाटून तिनं विचारलं, "पुढचं गाव किती लांब हाय?"

ग्यानोबांनी ते सांगितलं. तिनं उरलेल्या भाकरी फडक्यात बांधल्या आणि आधी लुंबिनीला फोन लावायला सांगितला. लुंबिनी पलीकडून बराच वेळ बोलत होती. आईची तब्येत, थंडी, बाबांचा ताप, राहायचं कुठं. सरजाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू लई काळजी करू नको. तुझे बाबा हायेत संगं." फोन ठेवून ती आधी उठली.

इथून पुढं ते दोघंच होते आणि त्यांना कसली घाई राहिली नव्हती. त्या दिवशी जमलं तेवढं चालून ते एका शाळेच्या व्हरांड्यात राहिले. शिक्षकांनी सतरंजी दिली. इस्लापूर मागं पडल्यावर सागाचं रान लागलं. ताटाएवढी पानं वाळली होती आणि वाऱ्यानं पडली की माणूस चालल्यासारखा आवाज होई. किनवटच्या अलीकडं एका वस्तीवर उमाबाई नावाच्या म्हातारीनं त्यांना हाक मारून थांबवलं.

"कुठं चालून राहिले बाबा? माहूरले? दर्शनाले?"

"न्हाई, डोंगर चढायला," ग्यानोबा म्हणाले.

उमाबाईला यात काही वावगं वाटलं नाही. चढायचा तर पोटात काही पाहिजे, असं म्हणून तिनं त्यांना ओसरीवर बसवलं, आणि त्या रात्री त्यांना तिथून पुढं जाऊ दिलं नाही. सरजाबाई तिच्याबरोबर चुलीपाशी बसली. दोघींची भाषा वेगळी होती, शब्द अडत होते, तरी सुनांचा विषय निघाल्यावर त्यांना काही कमी पडलं नाही.

नवव्या दिवशी संध्याकाळी दिवेलागणीला ती दोघं माहूरला पोचली. मंडळी त्याच दिवशी तिन्ही शिखरं करून आली होती आणि एका धर्मशाळेच्या अंगणात प्रमाणपत्रं वाटण्याचा कार्यक्रम संपत आला होता. अठरापैकी चौदा जणांनी मोहीम पुरी केली होती. आलोकनं फाटकातून येणाऱ्या दोघांना पाहिलं आणि बोलता बोलता तो मध्येच थांबला. सगळ्यांनी वळून पाहिलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण दोघांतिघांनी उठून जागा दिली आणि डॉक्टरांनी स्वतः ताटं वाढून आणली. आलोक त्यांच्याशेजारी जमिनीवर बसला. त्यानं पहिल्यांदा सरजाबाईला विचारलं की काकू, तुम्ही कुठून चालत आलात. तिनं सांगितलं, हिमायतनगर नऊ.

दुसऱ्या दिवशी सकाळी लातूरची मंडळी गाडीनं परत गेली. सौदामिनीबाई मात्र राहिल्या. काल सूर्याच्या धाकानं त्यांनी तिन्ही शिखरं पळत पळत केली होती आणि आज त्यांना ती निवांत पाहायची होती. तिघं मिळून पहाटे निघाले. रेणुकेच्या पायऱ्या चढून वर आल्यावर बाई दर्शनाला आत गेल्या. ग्यानोबा आणि सरजाबाई बाईंची काठी आणि चपला सांभाळत बाहेर कट्ट्यावर बसले. समोर धुक्यातून माहूरच्या किल्ल्याची भिंत हळूहळू वर येत होती. बाईंनी आतून येताना साखरफुटाणे आणले, ते तिघांनी खाल्ले आणि दत्तशिखराची वाट धरली.

चढ ग्यानोबांना जड गेला. सपाटीवर कितीही चालणारा माणूस, पण पायऱ्यांवर त्यांना थांबावं लागत होतं. सौदामिनीबाईंच्या गुडघ्याची वेगळीच तक्रार होती. सरजाबाई मात्र वर जाऊन कठड्याशी उभी राहायची, दोघं येईपर्यंत माकडांकडे पाहायची, आणि ते आले की पुन्हा निघायची. अनसूयेच्या शिखरावर ती दोघांच्या पंधरा मिनिटं आधी पोचली. ग्यानोबा धापा टाकत वर आले तेव्हा ती दगडावर पाय पसरून बसली होती. चार वाजले होते. खाली सगळीकडे जंगल, एका बाजूला पैनगंगेचं चकाकतं वळण, आणि त्याच्यापलीकडे विदर्भ.

सौदामिनीबाईंनी हात लांब करून दोघांना दाखवलं की ते ज्या बाजूनं आले ती बाजू कुठली. डोंगरांच्या मागं डोंगर होते आणि शेवटचा आभाळात मिसळला होता. ग्यानोबांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं.

"तिथून आलो आपण?" त्यांनी विचारलं.

"त्याच्याही मागून, सोनकांबळेभाऊ."

ग्यानोबा नुसते हसले आणि टॉवेलनं तोंड पुसत बसले. बाईंनी त्यांचा फोटो काढून लुंबिनीला पाठवला.

बऱ्याच वेळानं सरजाबाई म्हणाली, "तुमचं समदं झालं. माझं किती ऱ्हायलं?"

"काय ऱ्हायलं?"

"मी हिमायतनगर नऊपासून चालले. त्याच्या आधीचं."

ग्यानोबा बोटांवर मुक्काम मोजायला लागले. भोकर, नांदेड, लोहा, कंधार, जळकोट. "आरामात सहा दिवस," ते म्हणाले. "तुझ्या चालीनं पाच."

"तसंबी घरी जायाचंच हाय," सरजाबाई म्हणाली.

सौदामिनीबाई इतक्या हसल्या की त्यांना काठीचा आधार घ्यावा लागला. मी आले असते, पण गुडघा ऐकणार नाही, असं त्या म्हणाल्या. मात्र कंधारला त्यांची बहीण राहते, तिथं जेवायला थांबायचं असं दोघांकडून कबूल करून घेतलं.

पुढच्या दिवशी ती दोघं एसटीनं त्या दगडापर्यंत आली आणि उलट्या दिशेनं चालायला लागली. भोकरला लुंबिनीची ड्युटी संपता संपता दोघं दवाखान्याच्या फाटकाशी उभी राहिली. लुंबिनी आधी रागावली, मग आईच्या चपला पाहून आणखी रागावली, आणि बाजारात नेऊन तिला बूट घेऊन दिले. सरजाबाईनं ते एक दिवस हातात धरले आणि दुसऱ्या दिवसापासून पायात घातले.

नांदेडमधून बाहेर पडताना गोदावरीचा पूल लागला. माहूरला जाताना मंडळींच्या नादात ग्यानोबा तो भरभर ओलांडून गेले होते. सरजाबाई मध्यावर जाऊन थांबली. एसटीतून तिनं हे पाणी कितीदा पाहिलं होतं, दोन मिनिटांत यायचं आणि जायचं. आता ती कठड्यावर हात ठेवून खाली पाहत राहिली. एक माणूस गुडघाभर पाण्यात म्हैस धूत होता. पलीकडच्या काठाला कपडे वाळत पडले होते. मागून गाड्या जात होत्या आणि पूल पायाखाली बारीक थरथरत होता.

ग्यानोबांनी पिशवी खाली ठेवली आणि तेही तिच्याशेजारी उभे राहिले.

"उशीर तर न्हाई व्हायला?" तिनं विचारलं.

"कशाला उशीर?" ते म्हणाले. "बघ की."